निवृत्तीनंतर जडलेला फुफ्फुसांचा आजार आणि लष्करी पेन्शनचा दावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ईएमईच्या (लष्कराची गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) वर्कशॉपमधून ३१ जानेवारी २०१४ रोजी हवालदार म्हणून निवृत्त झाले, मेडिकल कॅटेगरी शेप-१, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. २४ वर्षांच्या नोकरीत गाड्यांची दुरुस्ती, वेल्डिंग आणि फवाऱ्याने रंगकाम केलं. निवृत्तीनंतर इंदूरला स्थायिक झाले आणि बँकेत गार्ड म्हणून लागले. २०१९ च्या सुमारास दम लागू लागला, २०२३ मध्ये फुफ्फुसांचा कायमचा आजार असल्याचं निदान झालं. अमेरिकेत विषारी धूर आणि रसायनांमुळे आजारी पडलेल्या माजी सैनिकांना भरपाई देणारा कायदा आहे, तसं इथे काही मिळेल का, असं मुलीने विचारलं आहे.

अमेरिकेचं आधी सांगतो. तिथला पॅक्ट कायदा १० ऑगस्ट २०२२ चा. ठरावीक काळात ठरावीक ठिकाणी नोकरी केली असेल आणि यादीतला आजार झाला असेल, तर तो नोकरीमुळेच झाला असं सरकार धरून चालतं. तो कायदा फक्त त्यांच्या सैनिकांसाठी आहे. आपल्याकडे अशी ठिकाण-आजाराची जोडयादी नाही. आपल्याकडे आहेत ते एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे अपंगत्वाची पेन्शन कुणाला मिळेल हे ठरवणारे नियम: १९८२ चे, मग २००८ चे आणि आता २०२३ चे. २१ सप्टेंबर २०२३ पासून लागू झालेले नियम त्यानंतर बाहेर पडणाऱ्यांसाठी आहेत. तुमचे वडील २०१४ चे, म्हणून त्यांना २००८ चे नियम लागू. दुकानात, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा एजंटकडे नव्या नियमांची कलमं कुणी दाखवली तर ती बाजूला ठेवा.

या नियमांतल्या दोन मुदती तुमच्या दाव्याचा कणा आहेत.

पहिली सात वर्षांची. निवृत्तीच्या वेळी आजार नव्हता, पण नंतर सात वर्षांच्या आत सुरू झाला, आणि नोकरीतल्या परिस्थितीने शरीरात सुरू केलेल्या बिघाडाचंच ते उशिरा दिसलेलं रूप आहे असं सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याने मान्य केलं, तर तो आजार नोकरीमुळे झाला असं धरता येतं. तुमची सात वर्षं ३१ जानेवारी २०२१ ला संपतात. निदान २०२३ चं आहे. नुसतं ते निदान घेऊन अर्ज केलात, तर पहिल्याच टेबलावर 'मुदतीबाहेर' असा शेरा पडेल. पण नियमात शब्द आजार 'सुरू झाला' असा आहे. तेव्हा २०१९ आणि २०२० मधला एकेक कागद सोन्याचा आहे. माजी सैनिकांच्या बहुतेक घरांत नेमका हाच कागद रद्दीत जातो, आणि मोठ्या हॉस्पिटलची चकचकीत फाईल मात्र कपाटात जपून ठेवलेली असते.

दुसरी पंधरा वर्षांची. एरवी दावा सिद्ध करण्याचा भार जवानावर टाकत नाहीत. पण निवृत्तीला पंधरा वर्षं होऊन गेल्यावर दावा केला, तर तो भार अर्जदारावर येतो. तुमच्यासाठी ती तारीख जानेवारी २०२९ आहे. म्हणून 'निवांत करू' असं म्हणू नका.

आता २०१९ चा कागद कुठे सापडेल. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलीक्लिनिकमध्ये वडिलांच्या कार्डावरच्या पहिल्या भेटीची नोंद, रेफरल आणि औषधवाटपाची नोंद लेखी अर्ज करून मागा. घराजवळच्या डॉक्टरची चिठ्ठी, पहिला इनहेलर घेतल्याचं केमिस्टचं बिल, छातीच्या एक्स-रेची तारीख असलेलं पाकीट, बँकेतल्या नोकरीच्या आजारपणाच्या रजेचा अर्ज, सगळं चालतं. डॉक्टरकडे जुनं रजिस्टर असेल तर त्यावरून 'मी या रुग्णाला अमुक तारखेला दम व खोकल्यासाठी तपासलं होतं' एवढं प्रमाणपत्र घ्या, नोंदणी क्रमांकासह. मागच्या तारखेची नवी चिठ्ठी मात्र चुकूनही लिहून घेऊ नका. कागद, शाई, नंबर जुळले नाहीत की खरा दावाही त्यासोबत बुडतो.

आता नोकरीतल्या संपर्काचा पुरावा. अडचण अशी की डिस्चार्ज बुकात ट्रेड 'व्हेईकल मेकॅनिक' लिहिलेला असतो आणि माणूस प्रत्यक्षात सहा वर्षं रंगाच्या शेडमध्ये स्प्रे गन घेऊन उभा असतो. मेडिकल बोर्डासमोर ट्रेडचं नाव येतं, शेड येत नाही. ती शेड कागदावर तुम्हाला उभी करावी लागेल.

वडिलांना समोर बसवा, वही घ्या आणि पोस्टिंगप्रमाणे एकेक पान करा. वर्ष, युनिट, ठिकाण; नेमकं काम; कोणता पदार्थ; दिवसाचे किती तास; शेड बंद होती की उघडी, एक्झॉस्ट पंखा होता का; तोंडाला काय बांधायचे. 'रसायनांशी संबंध आला' या वाक्याला काही किंमत नाही. असं लिहा: '२००३ ते २००६, वर्कशॉप, रोज चार ते पाच तास गाड्यांच्या बॉडीवर दोन डब्यांचा पॉलीयुरेथेन रंग, हार्डनर हाताने मिसळून, पत्र्याच्या शेडमध्ये, थंडीत शटर खाली ओढून, तोंडाला कापडी रुमाल, आधीचा रंग कोरडाच घासून काढायचो, धूळ नाकातोंडात जायची.' डबा कुठल्या रंगाचा होता, हार्डनरचा वास कसा होता, थिनरने हात धुवायचे का, हेही विचारा. माणसाला पदार्थाचं नाव आठवत नाही, डबा आठवतो.

हार्डनर महत्त्वाचा का, तर त्यात आयसोसायनेट असतात. त्यांची एकदा श्वसनमार्गाला अ‍ॅलर्जी बसली की नंतर अगदी थोड्या वाफेनेही दमा उसळतो, आणि संपर्क सुटल्यावरही अनेकांचा दमा राहतो. रंगामुळे होणाऱ्या दम्याची एक खूण अशी की रजेवर घरी आलं की खोकला उतरतो आणि कामावर रुजू झाल्यावर आठवड्याभरात परत चढतो. आईंना विचारा. 'हे सुट्टीवर आले की पहिले चार दिवस रात्री खोकायचे, मग बरं वाटायचं' असं त्या सांगत असतील तर ते वाक्य त्यांच्या शपथपत्रात जसंच्या तसं यायला हवं.

बाकी पदार्थांचं थोडक्यात. वेल्डिंगचा धूर आणि डिझेलचा धूर हे दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहेत, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेले. बेन्झीनही त्याच गटात. पेट्रोलने पार्ट धुणाऱ्यांच्या बाबतीत रक्ताच्या कर्करोगासाठी तो पाहतात. विमानांच्या आणि गाड्यांच्या प्रायमरमधलं क्रोमेट फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी. नौदलात जुन्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये पाइपांवर अ‍ॅस्बेस्टॉसचं आवरण असे. त्याचे आजार वीस ते चाळीस वर्षांनी दिसतात, त्यामुळे सात वर्षांची मुदत तिथे फार क्रूर ठरते. तोफखाना, रणगाडे आणि विमानतळावरच्या जवानांत बहिरेपणाचे दावे जास्त. तिथे निवृत्तीच्या जवळचा ऑडिओग्राम हाच पुरावा. आवाजाने गेलेल्या कानात ४००० हर्ट्झच्या आसपास खाच दिसते, आणि आवाज थांबल्यावर ते नुकसान फारसं वाढत नाही. पंधरा वर्षांनी काढलेल्या आलेखात वयाचा बहिरेपणा मिसळतो आणि बोर्ड सगळंच वयाच्या खात्यात टाकतं.

शपथपत्र दोन सहकाऱ्यांचं घ्या. त्यात त्यांचा आर्मी नंबर, रँक, युनिट आणि तुमच्या वडिलांसोबत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होते हे हवं. ते सर्व्हिस रेकॉर्डशी जुळलं पाहिजे. 'हे फार मेहनती होते, यांना रंगामुळे त्रास झाला' असं सहकाऱ्याने लिहू नये. रंगामुळे झाला की नाही हे डॉक्टर ठरवतील. त्याने डोळ्यांनी काय पाहिलं तेवढंच सांगावं: शेड, तास, रुमाल, खोकला.

नोकरीतले कागद रेकॉर्ड ऑफिसकडे असतात. ईएमईचं सिकंदराबादला, सिग्नल्सचं जबलपूरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला. आरटीआय वडिलांच्याच नावाने लावा, शुल्क १० रुपये, प्रतीसाठी पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मुलीने स्वतःच्या नावाने लावला तर 'तिसऱ्या व्यक्तीची खासगी माहिती' म्हणून नाकारतात, आणि दोन महिने वाया जातात. मागायचं काय: भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा संपूर्ण एएफएमएसएफ-१८ फॉर्म (शेप-१ वाल्यांसाठी हा असतो), वार्षिक वैद्यकीय तपासण्या, रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी, आणि पोस्टिंग व कोर्सचे पार्ट टू ऑर्डर (युनिटने काढलेले सेवानोंदींचे आदेश). 'सर्व कागद द्या' असं लिहू नका, फॉर्मचं नाव लिहा. एमआय रूममधल्या (युनिटचा दवाखाना) बाहेरच्या-बाहेर दिलेल्या गोळ्यांची नोंद सहसा मिळत नाही, त्यावर भिस्त ठेवू नका. कागद नष्ट केले असं उत्तर आलं तर तेही जपून ठेवा. कागद सरकारने नष्ट केले, तुम्ही लपवले नाहीत, हे पुढे कामी येतं.

एएफएमएसएफ-१८ हातात आला की आधी वडिलांचं स्वतःचं निवेदन वाचा. शेप-१ मध्ये बाहेर पडणारा जवान घाईत 'कोणताही त्रास नाही' म्हणून सही करतो. तसं असेल तर अर्जात 'नोकरीत असतानाच मला दमा होता' असं ठोकून देऊ नका, कारण त्यांची स्वतःची सही त्याच्या विरुद्ध उभी राहील. खरं तेवढं लिहा: अधूनमधून खोकला येई, एमआय रूममधून औषध घेतलं, निदान झालं नव्हतं. उशिरा दिसलेल्या आजाराच्या दाव्याला नोकरीत निदान झालेलंच हवं अशी अट नाही.

डॉक्टरचा अहवाल हा सगळ्यात कमकुवत दुवा असतो. छातीच्या तज्ज्ञाकडे जाताना वही आणि शपथपत्रं सोबत न्या. डॉक्टरला रंगाची शेड कळल्याशिवाय तो कारण न लिहिता 'सीओपीडी' (श्वासवाटा अरुंद होण्याचा जुनाट आजार) एवढंच लिहून मोकळा होईल. तपासण्यांत स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी) औषधाआधी आणि औषधानंतर, डीएलसीओ (फुफ्फुसांतून रक्तात वायू किती जातो ते मोजणारी) आणि एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) हव्यात. साध्या एक्स-रेवर थांबू नका. औषध घेतल्यावरही एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा) आणि एफव्हीसी (एका दमात बाहेर टाकलेली एकूण हवा) यांचं गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिलं तर श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद झाल्यात असं मानतात. व्यवसायजन्य आजारांसाठी अहमदाबादला आयसीएमआरची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे, इंदूरहून रात्रीच्या प्रवासाचं अंतर. गुंतागुंतीच्या केसमध्ये तिथलं मत घेण्याचा प्रयत्न करावा.

अहवालात निदान आणि ते कशावरून, संपर्काचा इतिहास, लक्षणं कधी सुरू झाली, दुसरी कारणं कोणती पाहिली आणि ती का पुरेशी नाहीत, आणि शेवटी स्पष्ट मत यायला हवं. 'संबंध नाकारता येत नाही' हे मत नव्हे. 'नोकरीतल्या आयसोसायनेट व वेल्डिंगच्या धुराच्या संपर्काने हा आजार सुरू झाला असण्याची शक्यता, तो अन्य कारणाने झाला असण्याच्या शक्यतेपेक्षा जास्त आहे' हे मत आहे. डॉक्टरला पटत नसेल तर जबरदस्ती करू नका, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

विडी-सिगरेट लपवू नका. बोर्ड विचारणारच, आणि जुन्या कागदांत नोंद असतेच. रोज दहा सिगरेट वीस वर्षं म्हणजे दहा पॅक-वर्षं, असा हिशेब डॉक्टरला लिहू द्या आणि त्याउपर रंगाचा वाटा का उरतो ते त्यानेच सांगू द्या. घराण्यात दमा असेल तरी दावा संपत नाही. आजार नोकरीने निर्माण केला हा एक मुद्दा, आधीपासून असलेला नोकरीने वाढवला हा दुसरा. पेन्शनसाठी दोन्हीपैकी एक पुरतो. अर्जात दोन्ही मागा.

निवृत्तीनंतरचं कामही बोर्ड बघतं. वडील बँकेचे गार्ड होते, ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. बँकेकडून किंवा एजन्सीकडून कामाचं स्वरूप आणि तारखा असलेलं पत्र घ्या. पीथमपूरच्या कारखान्यात रंगशाळेत काम केलेल्या जवानाला हाच प्रश्न जड जातो, कारण तिथे कोणत्या शेडने दम घेतला हे वेगळं करून दाखवावं लागतं.

अर्ज हिंदी किंवा इंग्रजीत करा, रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टाने, एक प्रत इंदूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला. वडिलांची नोंदणी अजून साताऱ्याला किंवा सांगलीलाच असेल, तर आधी ती इंदूरला बदलून घ्या. अर्जात नियमाचं नाव, निवृत्तीची तारीख, लक्षणं सुरू झाल्याची तारीख आणि पुराव्याची अनुक्रमणिका पहिल्याच पानावर द्या, आणि निवृत्तीनंतरच्या मेडिकल बोर्डाची स्पष्ट मागणी करा. नियमांच्या परिशिष्टात विषारी रसायनं हाताळल्यामुळे जडणाऱ्या आजारांचा उल्लेख पर्यावरणजन्य आजारांत आहे, तो नमूद करा. नाव, जन्मतारीख आणि आधार स्पर्शवर (संरक्षण खात्याचं पेन्शनचं पोर्टल) जुळतात का ते आधीच तपासा; 'पाटील' आणि 'पाटिल' एवढ्यावर मंजूर रक्कमही अडकते.

बोर्ड रेकॉर्ड ऑफिस ठरवेल त्या लष्करी रुग्णालयात होतं, इंदूरकरांना बहुधा महू. वडिलांना एकच समजावून सांगा. डॉक्टरने विचारलं की जवान सवयीने 'ठीक है साहब' म्हणतो. एक जिना चढताना कितव्या पायरीवर थांबावं लागतं, रात्री किती उशा घेऊन झोपतात, हे जसं आहे तसं सांगायचं. कमीही नाही, वाढवूनही नाही. अपंगत्व २० टक्के भरलं पाहिजे, १९ ला पैसे नाहीत.

नकार बहुधा एका शब्दात येतो: 'नाना'. म्हणजे नोकरीमुळे नाही आणि नोकरीने वाढलेलाही नाही. कारणाच्या रकान्यात 'पीस स्टेशनमध्ये (लढाऊ नसलेल्या, शांत भागातल्या ठाण्यात) सुरुवात' असं लिहिलेलं असतं. थंडी, उंची, ताण यांच्या आजारांत हा युक्तिवाद समजू शकतो. रंगाच्या वाफेला पीस आणि फील्ड कळत नाही. उलट मोठी वर्कशॉपं पीस स्टेशनलाच असतात. अपिलात हे वाक्य ठळकपणे मांडा. पहिलं अपील सहा महिन्यांत, दुसरंही सहा महिन्यांत. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. निवृत्त माणूस जिथे राहतो तिथल्या खंडपीठात जाऊ शकतो, त्यामुळे इंदूरकरांना जबलपूर; राहण्याचा पुरावा जोडा. अपिलाला सहा महिने उत्तरच आलं नाही तरी न्यायाधिकरणाचं दार उघडतं.

निकालांपैकी धरमवीर सिंग, २ जुलै २०१३, सर्वोच्च न्यायालय. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असं धरायचं आणि नंतरच्या आजाराचं कारण नोकरी नाही हे सरकारने सिद्ध करायचं. पण नोकरीतून बाहेर पडतानाच आजार असलेल्यांना हा निकाल जितका उपयोगी, तितका तो नंतर उमटलेल्या आजाराला एकटा पुरत नाही. वकील फक्त याच निकालावर अर्ज उभा करत असेल तर सात वर्षांचा नियम आणि २०१९ चा कागद पुढे करायला सांगा.

पैशाचं गणित. १०० टक्के अपंगत्वाला डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, शेवटच्या गणनायोग्य वेतनाच्या ३० टक्के. वेतन ४०,००० धरलं तर १२,००० रुपये. २० टक्क्यांना २,४००. पण राउंडिंग ऑफमध्ये २० ते ४९ टक्के हे ५० धरतात, म्हणजे ६,०००, शिवाय महागाई भत्ता. ५० ते ७५ चे ७५, आणि ७६ पासून पुढे १००. पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही हे लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ ला सांगितलं. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आल्यावर राउंडिंग झालं आहे का ते पाहा. उशीर केल्यास थकबाकी अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळू शकते; तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तसं ठरवलं होतं.

वडिलांच्या पश्चात आईंचा विचारही आत्ताच करा. मृत्यू नोकरीशी जोडलेल्या आजाराने झाला असं ठरलं तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन ६० टक्के दराने मिळतं, साधं ३० टक्क्यांनी. त्यासाठी आजार आधीच मंजूर झालेला असणं आणि मृत्यू प्रमाणपत्रावर कारण म्हणून 'हृदय बंद पडणे' एवढंच न येता मूळ आजार लिहिला जाणं, दोन्ही महत्त्वाचं.

थकबाकीतला हिस्सा मागणाऱ्या एजंटला मूळ पीपीओ, डिस्चार्ज बुक किंवा स्पर्शचा पासवर्ड देऊ नका. २०२५ पासून नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) वीर परिवार सहायता योजनेत सैनिक कल्याण कार्यालयांमध्ये मोफत कायदेशीर मदतीची सोय केली आहे. इंदूरच्या कार्यालयात त्याची चौकशी करा. ईसीएचएसचे उपचार दाव्यावर अवलंबून नाहीत, ते आजपासूनच घ्या. प्रत्येक भेटीत 'सेवेत रंगकाम व वेल्डिंग' हे शब्द डॉक्टरला नोंदीत घालायला सांगा, आणि प्रत्येक स्पीड पोस्टची पावती त्या-त्या अर्जाच्या प्रतीलाच टाचून ठेवा. सहा महिने नकाराचं पत्र हाती आल्याच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे आलेलं पाकीटही फेकू नका.